जुना फोटो आणला काय?

यवतमाळात आमच्या सरांना नावाने ओळखणारे थोडेच होते. बसस्टँडवर उतरून ‘जुना फोटोवाल्या डॉक्टरकडे जायचं आहे’ म्हटलं, की ऑटोवाला बरोबर आमच्या सेंटरच्या पायरीशी आणून सोडायचा. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन असं सगळं आमच्याकडे होतं आणि मशीनही चांगल्या होत्या, पण सरांचं नाव झालं ते त्यांच्या एका प्रश्नामुळे. पेशंट आत आला की बसा नाही, पाणी घ्या नाही, पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. “जुना फोटो आणला काय?”

मी तिथे टेक्निशियन म्हणून लागले आणि अजूनही तिथेच आहे. सर आता नाहीत. पण तू हे काम कुठे शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी कॉलेजचं नाव सांगत नाही, सरांचं सांगते, आणि सांगताना माझी मान थोडी वर होते. होते तर होऊ दे.

सर ठेंगणे होते, चष्मा जाड होता आणि अंगात बारा महिने एक तपकिरी स्वेटर असायचा. सीटीची खोली मशीनसाठी थंड ठेवावी लागते, म्हणून तो स्वेटर. पण बाहेर पडताना तो काढायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मे महिन्यात, यवतमाळचा रस्ता दुपारी ओस पडलेला असताना, सर स्वेटर घालून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे. टपरीवाला म्हणायचा, “सायेब, तुमाले पाहूनच मले घाम सुटते.” सर स्वेटरकडे बघायचे, हे काय अंगात आहे असा चेहरा करायचे आणि चहा पिऊन तसेच परत यायचे.

दुसरी तऱ्हा अंधाराची. फोटो पाहण्याआधी ते खोलीत दिवा मालवून नुसते बसून राहायचे. “डोळे उन्हातून आले आहेत, त्यांना आधी घरात येऊ दे,” म्हणायचे. त्या वेळात कुणी बोललेलं चालत नसे. कुणाचा मोबाइल वाजला, तर मोबाइलसकट माणूस बाहेर. पुढे सगळे फोटो कॉम्प्युटरवर यायला लागले, तरी त्यांनी भिंतीवरचा लाइटबॉक्स, म्हणजे मागे ट्यूबलाइट असलेली ती पांढऱ्या काचेची पेटी, काढू दिली नाही. जुने फोटो कशावर बघणार, हा त्यांचा सवाल.

हिवाळ्यात सोनोग्राफीची जेली पोटावर लावली की माणूस शहारतो. म्हणून सर जेलीची बाटली गरम पाण्याच्या गंजात बुडवून ठेवायचे आणि पाणी कोमट आहे का ते मनगटावर थेंब टाकून स्वतः बघायचे, लहान मुलाच्या दुधासारखं. त्या वेळी पेशंटशी गप्पा चालायच्या. मशीनला आतलं कसं दिसते, असं कुणी विचारलं की सर विचारायचे, “घरी विहीर हाये? मंग विहिरीत वाकून हाक मारली, तर आवाजावरून पानी कितीवर हाये थे समजते का नाही? तशीच हाक मारून राह्यलो मी तुमच्या पोटात.” पेशंट हसला की पोट सैल पडायचं आणि सरांना हवं ते दिसायचं.

‘नॉर्मल’ हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सगळं ठीक असलं तरी ते एवढंच म्हणायचे, “आज काही दिसत नाही.” लोक हिरमुसून जायचे. इतक्या दुरून आलो, डॉक्टरने तोंड भरून ‘छान आहे’ तर म्हणावं. सर म्हणायचे, मशीन आजचं सांगते, कालचं सांगायला काल लागतो आणि उद्याचं सांगायला ज्योतिषी बाजारात बसला आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘छातीचा फोटो’ लिहून पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना ते फोन करून धारेवर धरायचे. “शोधू काय ते लिहा ना. पोलिसाला चोराचं वर्णन तरी देता की नाही?” डॉक्टर मंडळी त्यांना वचकून असायची आणि अडलं की त्यांच्याकडेच यायची.

तर हा ‘काल’ कुठे मिळतो? पेशंटच्या घरी. पण आमच्या भागात घरी गेलेला एक्स-रे फार दिवस एक्स-रे राहत नाही. खिडकीची काच फुटली की तो तिथे लागतो, ग्रहणाच्या दिवशी अंगणात फिरतो, आणि शेतकऱ्याच्या घरी त्यावर अक्षरं कापून पोत्यांवर नाव उमटवायचा छापा होतो. बोरी अरबच्या एका गृहस्थांनी आपल्या गुडघ्याचा जुना फोटो आणला, त्याला चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. सरांनी तो उजेडात धरला.

“खिडकी उघडी टाकून आले काय?”

“हो ना सायेब. आता मच्छर येऊन राह्यले असतीन घरात.”

सरांनी गुडघा तपासला, जुन्या फोटोशी ताडून झीज किती वाढली ते सांगितलं, आणि जाताना खिडकीपुरता जाड पुठ्ठा कापून त्यांच्या हातात दिला. जुना फोटो मात्र परत देताना बजावलं, की हा आता खिडकीत दिसला तर मी बोरीला येईन.

झरीकडच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका आजीबाईंची गोष्ट आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. मोहफुलं वेचताना त्या घसरून डोक्यावर पडल्या होत्या. त्याला बरेच दिवस झाले होते, आणि आता डोकं सारखं दुखत होतं, बोलणं अडखळत होतं, एका हातातून वस्तू गळून पडत होत्या. डोक्याचा सीटी करायला हवा होता. पण सीटीचं ते मोठं गोल तोंड बघून आजीबाई दारातच खाली बसल्या. मुलगा कोलामीत समजावत होता, त्या मान हलवत होत्या. शेवटी मुलगा म्हणाला, “थे म्हन्ते, ह्याच्यात गेलेलं मानूस वापस येते कायवरून?”

सरांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि स्वेटरसकट टेबलावर आडवे झाले. मी किरण बंद ठेवून नुसतं टेबल आत नेलं आणि बाहेर आणलं. आजीबाईंनी बोटाने खूण केली, पुन्हा. सर पुन्हा आत गेले. त्यांनी आणखी एकदा खूण केली. या खेपेला सर आतूनच ओरडून विचारत होते, “झालं का समाधान?” मग आजीबाई उठल्या आणि गपचूप झोपल्या. कवटी आणि मेंदू यांच्या मधे रक्त साठून मेंदू एका बाजूला ढकलला गेला होता. सरांनी स्वतः फोन करून त्यांना त्याच दिवशी ऑपरेशनला नागपूरला पाठवलं. पुढे त्या आल्या तेव्हा डोक्यावर नुकते केस येत होते आणि वस्तू गळत होत्या त्याच हातात चारोळीची पुडी होती. ती त्यांनी सरांना दिली आणि हसत टेबलाकडे बोट दाखवलं, झोप म्हणून.

पण सर मला खऱ्या अर्थाने कळले ते माझ्या वडिलांमुळे. आमचं घर मारेगावजवळच्या खेड्यात. कपाशी, सोयाबीन, तूर. त्या वर्षी कापसाची वेचणी ऐन भरात असताना बाबांचा खोकला हटेना. मारेगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक लहानसा डाग दिसला. बाबांना तरुणपणी टीबी झाला होता, पूर्ण औषध घेऊन ते बरे झाले होते. त्यामुळे तिथले डॉक्टर म्हणाले, जुना व्रण असेल. घरात सगळ्यांनी ‘असेल’ हा शब्द गाळून उरलेलं वाक्य ऐकलं. मीही तेच ऐकलं. फोटो सरांना दाखवायला नेला तो त्यांनी एकदा हो म्हणावं म्हणून.

सर अंधारात बसले. मग फोटो पाहिला.

“टीबीचाच डाग आहे ना सर?”

“असेल. जुना फोटो आण.”

त्यांनी बाबांना बोलावून सीटी केला. डाग स्पष्ट दिसला, आजूबाजूला टीबीचे खरोखरीचे जुने व्रणही दिसले. पण हा डाग त्यातलाच, की नवा आणि वेगळा, हे छातीठोक सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, नागपूरला जाऊन सुईने तुकडा काढून तपासा. बाबा उठून उभेच राहिले.

“टीबीचाच हाये सायेब. जुन्या डागाले सुई कायले टोचाची? वावरात कापूस फुटून राह्यला माया, मजूर भेटून नाही राह्यले.”

मी समजावलं, आईने फोनवरून समजावलं. बाबा एकदा नाही म्हणाले की बैलासारखे पाय रोवतात. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “पाटील, टीबीनंतर छातीचा फोटो कधी काढला होता?”

“हर्नियाच्या आपरेशनच्या आदी काढलता एक.”

“मग सौदा करू. टीबीचा डाग असेल, तर तो त्या फोटोत दिसलाच पाहिजे. दिसला, तर मीच तुमाले म्हनतो, जा, कापूस वेचा. नाही दिसला, तर मी म्हनीन तिथं जायचं. फोटो कुठं हाये?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “हाये. पन कापला.”

बाजारात सोयाबीनची पोती रिकामी झाली की कुणाचा बारदाना कुणाचा ते कळत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येक पोत्यावर मालकाची अक्षरं लाल ऑइलपेंटने उमटवतात. बाबांनी त्या एक्स-रेवर आपली ‘वि. म.’ ही अक्षरं कापली होती आणि कैक हंगाम तो छापा वापरला होता. मला वाटलं, सर आता चिडतील. ते म्हणाले, “फेकला तर नाही ना? मग चला.” आणि रविवारी स्वतःच्या गाडीने, स्वेटर घालून, करंजीवरून आमच्या गावी आले.

छापा गोठ्यात खिळ्याला टांगलेला होता. दोन्ही बाजूंनी लाल रंगाचा इतका थर, की खाली माणसाची छाती आहे हे सांगूनही पटलं नसतं. अक्षरं खालच्या बाजूला कापली होती, वरचा भाग शाबूत होता. माझा दादा पाण्याची बादली घेऊन आला, तसे सर एकदम ओरडले. “पाणी नको. फोटोवरची साय निघून येईल.” रंगाच्या डब्याशेजारी थिनरची बाटली होती, ती सरांनी उचलली. पुसायला मऊ कपडा मागितला, आईने जुनं लुगडं आणलं, तेही त्यांना खरखरीत वाटलं. मग ते आमच्या पुढच्या खोलीत गेले, तिथल्या कापसाच्या ढिगातून ओंजळभर कापूस घेतला, सरकी काढली आणि ओसरीवर मांडी घालून पुसायला बसले. आई म्हणाली, “सायेब, पोरगी करन ना थे.” सर म्हणाले, “हिनं घाई केली तर?”

बोळ्यामागून बोळा लाल होत होता. अर्धं गाव ओसरीसमोर उभं होतं. हळूहळू खालून एक बरगडी वर आली, मग दुसरी, मग गळ्याची हाडं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं माय, भाऊजी निघाले ना आतून.” आम्ही सगळे हसलो, बाबाही हसले. पण मला आतून नुसती भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते.

सरांनी तो फोटो आकाशाकडे धरून पाहिला नाही. दादाने सुचवलं तेव्हा म्हणाले, “उन्हात फोटो पाहू नये, उन्हात सगळंच छान दिसतं.” लुगड्यात गुंडाळून त्यांनी तो माझ्या मांडीवर दिला, बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, आणि आम्ही यवतमाळला आलो. वाटेत बाबा मधून मधून कुणाच्या वावरात किती कापूस फुटला आहे ते सांगत होते.

लाइटबॉक्सवर फोटो लावला, तर कापलेल्या अक्षरांतून पांढरा उजेड थेट डोळ्यांत घुसायला लागला. ‘वि. म.’ एवढंच दिसत होतं, बाकी काही दिसेना. सरांनी काळा कागद कापून अक्षरांवर चिकटवला. बाबांना ते आवडलं नाही.

“माया नावावर काळं काहून लावता सायेब?”

“आता नाव पाह्याचं नाही पाटील, फुफ्फुस पाह्याचं हाये. पाहून झालं की काढतो.”

मग ते अंधारात बसले. बाबांना त्यांच्या शेजारी खुर्ची दिली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सर उठले, एका बाजूला नवा फोटो, एका बाजूला हा, बोटाने बरगड्या मोजत वर गेले. तिथे थांबले. भिंग लावून पाहिलं. बाबांचं बोट धरून त्यांनी ते नव्या फोटोतल्या डागावर ठेवलं, आणि मग जुन्या फोटोत त्याच जागी.

“इथं काही नाही.”

“म्हंजे चांगलं हाये ना?” बाबा म्हणाले.

“नाही पाटील. तेव्हा इथं काही नव्हतं, आता हाये. म्हंजे हा टीबीचा नाही. हा नवा हाये.” सरांनी बाबांचं बोट सोडलं नव्हतं. “नवा हाये म्हनून लहान हाये. लहान हाये म्हनून काढता येते. तुमी हा फोटो फेकला असता, तर आपन दोघंबी वर्षभर जुना जुना म्हनत बसलो असतो.”

बाबा त्या दोन जागांकडे आळीपाळीने बघत होते. फोटो वाचता येत नसले तरी त्यांतला फरक त्यांना नीट दिसत होता. मग म्हणाले, “मंग कापसाचं?”

“कापूस बोंडात थांबते. हे थांबत नाही.”

बाबा नागपूरला गेले. सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला, पण पसरलेला नव्हता, आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकता आला. वेचणी आईने आणि दादाने ओढली. तिथल्या सर्जननी मला विचारलं, इतक्या लवकर कसा सापडला? मी सांगितलं, आमच्या सरांना जुना फोटो लागतो.

बाबा सावरले आणि पहिल्यांदा सरांपुढे उभे राहिले ते तक्रार घेऊन. छापा तुम्ही ठेवून घेतला, आता पोत्यांवर नाव कशाने टाकू? तो फोटो पुढच्या प्रत्येक वेळी ताडायला लागणार होता, परत देणं सरांना शक्यच नव्हतं. त्यांनी खराब निघालेली एक फिल्म घेतली आणि पेशंट ताटकळत असताना स्वतः कात्रीने अक्षरं कापली. ‘व’च्या पोटातला तुकडा धरून ठेवायला मधे पट्टी सोडावी लागते, हे त्यांना माहीत नव्हतं. पोट पडून गेलं. तेव्हापासून आमच्या पोत्यांवर ‘व’ गच्च भरलेला उमटतो. अडत्याने विचारलं, तर बाबा ऐटीत सांगतात, “यवतमाळच्या मोठ्या डाक्टरानं कापला हाये थो. तुयाजवळ हाये काय असा?”

त्यानंतर ठरलेल्या वेळी बाबांचे सीटी होत राहिले. बाबा प्रत्येक वेळी मागचे सगळे फोटो गादीखाली दाबून सपाट केलेले, पिशवीत ओळीने लावून आणायचे. बाहेरच्या बाकावर बसून इतरांची झडती घ्यायचे. “जुना फोटो आनला काय बावा? काहून नाही आनला? मंग आले कायले?” आत सर नवा फोटो मागच्याशी ताडायचे, त्याच्या मागच्याशी ताडायचे, आणि म्हणायचे, “आज काही दिसत नाही.”

“एक डाव तरी बरा झालो म्हना ना सायेब.”

“आज काही दिसत नाही पाटील.”

लाल डागांचा तो फोटो लाइटबॉक्सच्या कोपऱ्यात अडकवलेला असायचा, अक्षरांवर काळा कागद तसाच. बाबा विचारायचे, कागद काहून नाही काढत? सर म्हणायचे, अजून पाहून राह्यलो ना.

अशी पाच वर्षं गेली. सरांचा हात तोवर थरथरायला लागला होता आणि सेंटर नव्या डॉक्टरांकडे सोपवायचं ठरलं होतं. त्या दिवशी बाबांचा सीटी झाला. सर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. सगळे फोटो मागे मागे नेत पाहिले, अगदी पहिल्यापर्यंत. मग म्हणाले, “आज काही दिसत नाही.”

बाबा पिशवी उचलायला वाकले. तेवढ्यात सर उठले, लाइटबॉक्स लावला आणि त्या जुन्या फोटोवरचा काळा कागद नखाने सोलायला लागले. चिकटपट्टी वाळली होती, निघायला वेळ लागला. मी पुढे झाले नाही. कागद निघाला तसा अंधाऱ्या खोलीत बाबांच्या नावाची दोन्ही अक्षरं पांढरीशुभ्र पेटली, बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कागदाची गोळी करून सरांनी स्वेटरच्या खिशात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर आल्यावर बाबा पायरीवर थांबले. दुपट्ट्याने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग मला म्हणाले, “तोंडानं नाही म्हनलं त्यानं. पन नाव मोकळं केलं ना.”